देठ सुटलेली खरबुजं

मोहने. एप्रिल १९९१, रविवार.

गेल्या आठवड्यात खरबुजांवर पिकायचं औषध मारलेलं, ते लागू पडलं. नदीकाठची सगळी फळं एकदमच तयार झाली. आज नुसता हात लावला की देठ सुटत होता. दुपारच्या आत टेम्पो भरून कल्याणला गेलाही.

दरवर्षी आमचे आप्पा हंगामभर रोज पहाटे वेलावेलाशी वाकून देठ चाचपायचे आणि सुटेल तेवढंच फळ घरी आणायचे. मला वाटलेलं, औषधाच्या फळाला ते नावं ठेवतील. ठेवली असती तर बरं झालं असतं का?

संध्याकाळी त्यांनी अख्खी फोड खाल्ली. "गोड आहे रे," म्हणाले. मग दुसरं फळ मांडीवर घेऊन देठाच्या जागी अंगठा फिरवत बसले.

"उद्या पहाटे मी कुठे जाऊ?"