सहापैकी पाच नापास

२ नोव्हेंबर, रविवार

श्रीहर्षने सहा जणांची क्रूझ बुक केली. सिंगापूरहून, चार रात्री. तो आणि त्याची बायको स्मृती, त्याचे आईवडील म्हणजे कृष्णाबाई अक्का आणि हयवदन अण्णा, शिवाय उल्का आणि मी. अण्णा उल्काचे थोरले भाऊ. बावीस तारखेला आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात आणि नेमकी त्याच संध्याकाळी बोटीवर 'फॉर्मल नाइट'.

बोटीचं पत्रक तीनदा वाचलं. पुरुषांना सूट-टाय, बायकांना गाऊन, किंवा दोघांनाही आपापला राष्ट्रीय पोशाख. हाफ पँट, रबरी चपला, स्पोर्ट्स शूज नकोत. डोळे भरून आले. जगात अजून कुठेतरी शिस्त शिल्लक आहे! इथे बेंगळुरूत काय चाललंय? परवा मल्लेश्वरमच्या एका लग्नात नवरीचा सख्खा काका बर्मुडात. शी! अक्षता टाकताना मी तोंड फिरवलं, त्या भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडल्या.

उल्का म्हणाली, मला दागिना नको, काही नको. त्या संध्याकाळी चांगले कपडे घालून आपण दोघं शेजारी शेजारी बसून शांतपणे जेवू. पस्तीस वर्षांत तुम्ही मॅनेजरला न बोलावता एकदाही हॉटेलात जेवण झालेलं नाही. मी शब्द दिला.

मॅनेजरला मी हौसेने बोलावत नाही. ग्लासावर बोटांचे ठसे असतात.

३ नोव्हेंबर

महांतेश शिंप्याकडे गेलो. थ्री-पीस. त्याने कंबर मोजली, म्हणाला एक्केचाळीस. अशक्य! बोम्मसंद्र्याच्या गिअर कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं, आणि हा मला मोजमाप शिकवणार. माझ्या स्टीलच्या टेपने, श्वास व्यवस्थित आत घेऊन, पुन्हा मोजली. अडतीस. ड्रॉइंगच काढून दिलं. तो म्हणाला, सार, स्वल्प लूज ठेवतो, बसायला बरं. मी म्हटलं, ड्रॉइंगप्रमाणे.

तसंही वीस तारखेपर्यंत पोट उतरवायचंच आहे. उद्यापासून पहाटे साडेपाचला चालणं.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

गजर वाजला नाही. उल्का म्हणते वाजला. चालणं उद्यापासून.

५ नोव्हेंबर

चाललो. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर बेण्णे डोसा, वर लोण्याचा गोळा.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांना घरी रंगीत तालमीला बोलावलं. एक्सेलमध्ये तपासणी तक्ता तयार ठेवला होता. नाव, वरचा पोशाख, खालचा पोशाख, पादत्राणं, निकाल. आले सगळे, पण घरच्या कपड्यांत. स्मृती तर पायजम्यात, त्यावर पांडा. अण्णा म्हणाले, जेवायलाच जायचंय ना पुरुषोत्तम, की पोलिस भरतीला? सगळे हसले. उल्काही.

हसोत. बोटीच्या दारात उभं राहिल्यावर माझेच आभार मानतील.

१५ नोव्हेंबर

सूट आला. अप्रतिम! आरशात स्वतःलाच 'येस सर' म्हणावंसं वाटलं. बसताना श्वासाचा किरकोळ प्रश्न आहे. पण सूट हा मुळात उभं राहायचाच कपडा.

उल्काने नवी म्हैसूर सिल्क नेसून दाखवली. जांभळी. कशी दिसते, विचारलं. मी नीट पाहिलं आणि सांगितलं की डाव्या बाजूच्या निऱ्या बारा मिलिमीटर वर आहेत. ती आत गेली. बहुतेक निऱ्या सारख्या करायला.

दुसरी काळजी तिच्या बुटांची. गुडघ्यासाठी डॉक्टरने दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांचं काहीतरी करायला हवं.

२१ नोव्हेंबर, बोटीवर

किळस आली. चौदाव्या मजल्यावरच्या बफेत एक गृहस्थ पोहण्याच्या चड्डीत, ओलेचिंब, पुऱ्या वाढून घेत होते. पोटावरचं पाणी टपटप खाली. मी पुरी खाल्ली नाही. (नंतर खाल्ल्या, दुसऱ्या थाळीतल्या. चार.)

एका बाईच्या डोक्याला कर्लर. एका तरुणाच्या बनियनवर अस्सल सांबाराचा डाग. माणसं घर सोडताना लाजही कुलपात ठेवून येतात काय? उद्याची संध्याकाळ होऊ दे. उद्या समजेल सगळ्यांना.

उल्काने विचारलं, उद्याचं लक्षात आहे ना? म्हटलं, तक्त्याचे सहा प्रिंट काढलेत.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०

तयार. वेस्टकोटचं शेवटचं बटण लागायला श्रीहर्षची मदत लागली. त्याने गुडघा टेकवून ओढलं. उल्काला तयार व्हायला वेळ आहे, म्हणून मी पुढे जाऊन दाराशी थांबतो. केबिनमध्ये एकच खुर्ची आहे, आणि बसणं या क्षणी सोयीचं नाही.

२२ नोव्हेंबर, रात्री ८.२५

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सव्वासहा. डायनिंग हॉलच्या दारात मी. हॉलचा मॅनेजर आधीपासून उभा होता, फिलिपिनो, नम्र माणूस. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. दहा मिनिटांत तीन कुटुंबांनी मला आपलं टेबल विचारलं. अधिकार चेहऱ्यावर दिसतो माणसाच्या. दोघांना टेबल दाखवलं. तिसऱ्याला आधी टाय सरळ करायला लावली.

मग आपली मंडळी आली. अण्णा, धोतर आणि रेशमी शर्ट. राष्ट्रीय पोशाख, मान्य. पण काठाचा एक धागा सुटलेला. नापास. कृष्णाबाई अक्का, उत्तम साडी, आणि वर हातविणीचा मरून स्वेटर! एसी बाधतो म्हणे. नापास. श्रीहर्ष टायशिवाय. नापास. स्मृतीच्या गाऊनला खांदा एकच. दुसरा शिवायचा राहिला का, असं मी सभ्यपणे विचारलं. ती सभ्यपणे श्रीहर्षच्या मागे जाऊन उभी राहिली. नापास.

हॉलचा मॅनेजर मध्ये पडला. म्हणाला, सगळे छान दिसताहेत, प्लीज आत या. मी त्याला समजावलं की ही आमची अंतर्गत तपासणी आहे. तुमची नंतर.

शेवटी उल्का आली. जांभळी साडी, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा (बोटीवर कुठून मिळवला कोण जाणे, बहुधा डब्यात घालून आणला असेल). हळूहळू चालत आली आणि माझ्यासमोर थांबली. काही विचारलं नाही. नुसती थांबली.

मी खाली पाहिलं. पांढरे स्पोर्ट्स शूज.

मॅनेजर म्हणाला, नो प्रॉब्लेम सर, नो प्रॉब्लेम अॅट ऑल. पण नियम आपल्या माणसासाठी वाकवला तर त्याला नियम म्हणायचं कशाला? मी सांगितलं, सगळ्यांनी केबिनमध्ये जा, दुरुस्ती करा, दहा मिनिटांत परत या.

गेले. सगळे निमूटपणे गेले. शिस्त रुजतेय, वाटलं.

सात वाजले. मी टेबलावर जाऊन बसलो. बसताना वेस्टकोटचं बटण सुटून लांब गेलं. वेटरने बशीत कागदी रुमालावर ठेवून आणून दिलं. सहा खुर्च्या. पाच रिकाम्या. सूप आलं, गेलं.

साडेसातला दिवे मंद केले. सात वेटर टाळ्या वाजवत, गात आले. हातात केक, त्यावर 'पुरुषोत्तम आणि उल्का, ३५'. श्रीहर्षने आधीच सांगून ठेवलेला. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. गाणं संपल्यावर ते माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मीही बघितलं.

मग केक कापला. एकट्याने कापायला तसा सोपा असतो.

आत्ता फॅमिली ग्रुपवर फोटो येताहेत. पाचही जण चौदाव्या मजल्यावरच्या बफेत. अण्णांच्या ताटात दहीभात. उल्का डोळे मिटून हसतेय, हातात आइस्क्रीम, पायात तेच बूट. टेबलक्लॉथ नाही. कागदी ग्लास! पाहवत नाही.

तो फोटो तीन वेळा पाहिला.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

 अक्कांनी उरलेला केक मागून घेतला आणि सगळ्यांना वाटला, मलाही दिला.

आत्ता सामान भरताना उल्काला विचारलं, परत का आली नाहीस? चिडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती साडीची घडी घालत होती. म्हणाली, बूट काढायला वाकले आणि वाटलं, कशाला? मी परत वळले तेव्हा दारातला तो मॅनेजर साहेब मला 'ब्यूटिफुल, मॅडम' म्हणाला. लग्न झाल्यापासून असं म्हणणारा तो पहिला.

मी म्हटलं, हे खरं नसणार, मी कधीतरी म्हटलंच असेन. ती म्हणाली, केव्हा ते सांगा.

तक्ता काढून पाहिला. उल्का: पादत्राणं, नापास. बाकी रकाने कोरे. काल ती कशी दिसत होती ते लिहायला त्यात जागाच नव्हती. तक्ता मीच बनवला होता.

थोडा वेळ बाल्कनीत उभा राहिलो. मग आत येऊन म्हणालो, जांभळा रंग तुला फार शोभतो. काल तू फार छान दिसत होतीस.

ती म्हणाली, सरी, ठीक आहे. आता बॅगेची ही बाजू दाबून धरा, चेन लागत नाहीये.

धरली. चेन अगदी हलक्या प्रतीची आहे. आत्ता काही बोललो नाही. उद्या विमानतळावर सांगेन.