दमणीला शिडाचं ठिगळ

दादा,

दमणीचा टप तू शिवून दिलास. तो फाटलाच नव्हता, असं आईला सांगितलंय. टेंभी नाक्यावरच्या चिंचेत मी बैल घातलेच नाहीत, हेही तिला पटलंय.

सरूला आणायला ठाकुर्लीला निघालोय. पोटुशी सून होडीत बसवायची नाही, असा तिच्या सासूचा हट्ट. आणि तू टपाला शिडाचं कापड लावलंस, फळीच्या भेगेत कापूस नि राळ भरलीस, अगदी होडीसारखी. सासूला मी सांगणार नाही.

एका शब्दाने मला बोलला नाहीस. पहिल्या बाळंतपणाला सरू सावलीत बसून माहेरी येईल, ती तुझ्यामुळे. हे उपकार फेडणार नाही, तुला सवय लागेल.

बंदरावरच्या साहेबांस विनंती, की भरतीत तरंगताना आढळल्यास सदर वाहन बैलगाडीच समजावे.

धाकू