मुलींचं घर बंद करायचं ठरलं तेव्हा

८ फेब्रुवारी १९८७, रविवार

पत्र टाकलं एकदाचं. तीन दिवस पिशवीत घेऊन फिरत होते. ठाण्याच्या मंडळाला कळवलं — मालवणचं मुलींचं घर मार्चअखेर बंद करावं. कारणं दोन लिहिली. माझे गुडघे, आणि मुलगा इस्रायलहून बोलावतोय. तिसरं लिहिलं नाही. थकले आहे. कुणाच्या तरी वेण्या घालून, कुणाचं तरी पाठांतर ऐकून थकले आहे.

नऊ वर्षांपूर्वी मीच त्यांना लिहिलं होतं. तेव्हा शाळेत शिकवत होते. आतल्या गावांतल्या मुली चौथीनंतर घरी बसतात, कारण मालवणात राहायला जागा नाही — एवढंच लिहिलं होतं. मंडळ म्हणजे आमच्याच बेने इस्राएली बायका. कुणी नर्स, कुणी टायपिस्ट, बऱ्याचशा घरीच. त्यांनी आमच्या नववर्षाला, नव्याच्या सणाला, हलवा करून विकला, परकर शिवून विकले आणि हे घर भाड्याने घेऊन दिलं. निम्म्याजणींनी मालवण कधी पाहिलंही नव्हतं.

मंडळात तेव्हा चाळीसजणी होत्या. आता अकरा. बाकीच्या इस्रायलला, नाहीतर वर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सत्यवतीकडून भूमितीची प्रमेयं करून घेतली. चुकली की स्वतःच हसते. घरात उरलेल्या तिघींपैकी यंदा दहावीला ती एकटीच. जानकी आणि सीता नववीत. घराचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल शनवार, आमचा शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही, म्हणून लिहिलं नाही. आजही लिहिण्यासारखं काही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सत्यवतीचा बाप आला, लेकीला घरी न्यायला. महादू. ओरोसच्या पलीकडे त्यांचं गाव. तासभर चालायचं, मग एसटी. आत ये म्हटलं तरी पायरीवरच उभा.

"बाईनु, चेडवाक न्हेवक इलंय."

तिची आई, मथुरा, विहिरीवर घसरून पडली. पायाचं हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर. घरात आणखी तीन पोरं. त्यातलं मोठं गुरांमागे, धाकटं रांगतं. "रांधतला कोण? मी मजुरीक नाय गेलंय तर खातलंव काय?"

म्हटलं, परीक्षा तीन आठवड्यांवर आली.

"माका कळता, बाईनु."

त्याला खरंच कळत होतं. तेच वाईट. आडमुठा असता तर भांडता आलं असतं.

सत्यवतीने पुस्तकं पिशवीत भरली. मग एकेक करून परत काढून ठेवली. "थंय कधी वाचतलंय?" एवढंच म्हणाली.

गावात दुसरी कुणी बाई मिळते का, विचारायला हवं होतं. निदान दोन दिवस मागून घ्यायला हवे होते. मी काय केलं? तिच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली आणि दोघांना स्टँडवर सोडून आले. खरं लिहायचं तर परतताना वाटलं, चला, एक कमी झाली. हे इथे लिहितानाही लाज वाटते. पण वाटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मंडळाचं पत्र. दिनाबाई आणि लेयाबाई येताहेत. घर आवरायचं बघायला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दोघी सकाळच्या गाडीने आल्या. दिनाबाई बहात्तरच्या. सारी नोकरी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली. प्रवासाने पाय सुजलेले, तरी आधी घरभर हिंडल्या. भांडी पाहिली, खाटा पाहिल्या.

"ही रिकामी कुणाची?"

सांगितलं सगळं.

"आणि तू जाऊ दिलंस तिला?"

आवाज चढवला नाही. मी गुडघ्यांचं सांगू लागले.

"गुडघे मलाही आहेत, मिल्का," म्हणाल्या आणि चहा मागितला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दिनाबाई ओरोसच्या गाडीत बसल्या. पिशवीत दोन पातळं आणि प्रार्थनेचं पुस्तक. मी म्हटलं, उद्या शनवार, परक्या घरात अडकाल, रविवारी जा. "परीक्षा थांबणार आहे का रविवारपर्यंत?" जानकीला गावाची वाट ठाऊक होती. तिच्याकडून ती नीट विचारून घेतली. मी येते म्हटलं नाही. त्यांनीही चल म्हटलं नाही.

त्या महादूला समजावून पोरीला घेऊन येतील, असं लेयाबाई म्हणतात. मला वाटतं, हात हलवत येतील. समजावण्यासारखं त्यात आहेच काय?

१ मार्च, रविवार

दिवे लागायच्या आत सत्यवती दारात. एकटी. हातात कपड्यांची पिशवी.

"दिनाबाई कुठे?"

"त्या थंयच आसत. माझ्या जागेर."

मला आधी कळलंच नाही. लेयाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते असं —

दिनाबाई भर दुपारी पोचल्या. ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मथुराला विचारलं, तांदूळ कुठे ठेवतेस? महादू ओशाळला. म्हणाला, तुम्ही पाहुण्या, त्यात म्हाताऱ्या. दिनाबाई म्हणाल्या, "मी रोज दोनशे माणसांचं रांधलंय. तुझी पाच काय घेऊन बसलास? परीक्षा होईपर्यंत हिची कामं मी करते." तो नको नको म्हणत राहिला. तेव्हा खाटेवरून मथुरा बोलली. एरवी नवऱ्यासमोर बोलत नाही म्हणे. "चेडवाक जावंदे. आंगठो मारून माझो जल्म गेलो."

मग लगेच का नाही आलीस, मी विचारलं.

"शनवारी त्या चूल पेटवणत नाय. म्हणान काल मी रांधलंय."

लेयाबाई हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.

८ मार्च, रविवार

आज मी गेले. ओरोसपासून तासाची वाट मला दोन तास पुरली. दिनाबाई रापल्या आहेत. कडेवर पोर, पातळ खोचलेलं, हाताला चुलीतली राख. चुलीपुढे डोळ्यांना पाणी येतं म्हणाल्या, बाकी बरं आहे. पोरं त्यांना आजी म्हणतात. मथुरा प्लास्टरचा पाय लांब करून भाजी चिरत होती. दोघी मंगळवारच्या पेपराविषयी बोलत होत्या. विषय कोणता, ते मथुराला पाठ.

मी म्हटलं, तुम्ही चला मालवणला, आता मी राहते. मनापासून म्हटलं. या महिन्यात पहिल्यांदाच काही मनापासून म्हटलं असेल.

"तू राहिलीस तर तिचं गणित कोण घेणार? मला तुझी प्रमेयं येतात थोडीच. जा."

निघताना मथुराने काजूगर बांधून दिले. घराबद्दल, माझ्या पत्राबद्दल दिनाबाईंनी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१० मार्च, मंगळवार

मराठीचा पेपर. बरा गेला म्हणते. निबंध लांबला.

१५ मार्च, रविवार

आमचा होळीचा सण, म्हणजे पुरीम, आणि गावातला शिमगा एकदमच आले. लेयाबाईंनी पुरणपोळ्या केल्या. बाहेर ढोल. सत्यवती कानात बोटं घालून गणित करत बसली होती. उद्या पेपर. ढोलवाल्यांना सीताने जाऊन सांगितलं, आमची दहावीची आसा. ते पुढच्या आळीला गेले.

१६ मार्च, सोमवार

एक प्रमेय आलं, एक अर्धंच झालं.

२४ मार्च, मंगळवार

शेवटचा पेपर संपला. मथुराचं प्लास्टर निघाल्याचा निरोप कालच आला होता. सत्यवती उद्या घरी जाईल. माझ्या पाया पडली. मी तिला पडू द्यायला नको होतं. तिला परत आणणारी मी नव्हे.

जानकी आणि सीताला आज सांगितलं. सीता रडली. जानकीने विचारलं, "मग आमी खंय जावचा?" लेयाबाई भांडी कुणाला द्यायची ते ठरवताहेत. मुलाला लिहिलं, जूनमध्ये येते.

२९ मार्च, रविवार

दिनाबाई परतल्या. बरोबर मथुरा, काठी टेकत. मागे तिची दुसरी मुलगी, सुगंधा, डोक्यावर पत्र्याची पेटी. चौथी करून वर्षभर गुरांमागे होती.

"ह्येका पाचवीत घाला, बाईनु. घराकडला आता मी बघतंय."

मी दिनाबाईंना बाजूला नेलं. म्हटलं, जूनमध्ये मी नसणार.

"ठाऊक आहे. तू जा. मी इथे राहते. मंडळाला पत्र घातलंय परवाच."

म्हणजे घर चालणार. आणि मला जायला आता काहीच अडत नाही.

पेटी खंय ठेवू, सुगंधाने विचारलं. माझ्या खाटेखाली ठेव, मी म्हटलं.