लेकीच्या गाडीचे टायर

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज आपल्या टायरच्या दुकानात बसल्या बसल्या तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. टायरची काळजी दुसऱ्या कुणाला सांगितली तर हसतील. तुमची नात सकाळी पुण्याला निघाली, स्वतःच्या गाडीनं. गाडी साधी नाही. जमिनीला टेकलेली, दोनच माणसं मावतील अशी, कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार आहे. नोकरी लागल्यापासून तिच्या डोक्यात हेच होतं. मागच्या आठवड्यात ती गाडी घेऊन आपल्या मुरुम गावात शिरली तेव्हा समोरचा किराणावाला ओरडला, "अक्का, ही गाडी हाय का खेळणं?" सगळे गाडीचा रंग बघत होते आणि मी वाकून चाकं बघत होते. मागचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं पार गुळगुळीत. "ह्याच्यावर तू पुण्याहून आलीस?" मी विचारलं. "म्हणून तर तुझ्याकडं आले," ती म्हणाली. "मूळ कंपनीचे मला झेपणारे न्हायत. त्यातल्या त्यात चांगले बघून दे. पुढच्या महिन्यात गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची हाय."

ट्रॅक म्हटल्यावर मी चाकापासून उठले. तिथं समोरून कुणी येत नाही, हेल्मेट असतं, शिकवणारा शेजारी बसतो, असं ती सांगत राहिली. माझं मन मात्र एकाच जागी फिरत होतं. चांगली पकड असलेले टायर दिले तर ही आणखी जोरात जाणार. साधे दिले तर तेवढ्याच जोरात जाणार आणि वळणावर गाडी सुटणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून सरळ सांगावं, मी टायर देत नाही, तू गाडी विकून टाक, असं ठरवून मी दुकान उघडलं. आणि शटर वर करताना मला तो जीपवाला आठवला.

तुम्हाला आठवतो ना? मी तेव्हा बारावी होऊन नुकती दुकानात बसायला लागले होते. तो दारात उभा आहे, जीपमध्ये बायका-लेकरं दाटीवाटीनं बसलेली. जावळाला तुळजापूरला निघालेत. पुढचं चाक फुगलंय, त्याला रिमोल्ड टायर पाहिजे, झिजलेल्यावर नवं रबर चढवलेला, आणि तोही पुढंच. तुम्ही नवा काढून दाखवता, तो मान हलवतो. तुमचा आवाज चढतो. "लेकरं बसलीत ना रं गाडीत? पुढं रिमोल्ड घालणार न्हाय मी. जा." तो गेला. दुसरीकडून कुठून तरी तसलाच टायर घालून घेतला आणि नळदुर्गच्या घाटात तो फुटला. जीव कुणाचा गेला नाही, पण एका म्हातारीचा पाय कायमचा गेला. तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात आणि दिवसभर जेवला नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, तुमी तर न्हाय म्हणाला होता." तुम्ही माझ्यावर केवढे खवळलात! "न्हाय म्हणून मी मोकळा झालो, पोरी. त्यो थांबला का? त्याला परवडंल असं काहीतरी मी शोधायला पाहिजे होतं." त्यानंतर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवताना तुम्हाला मी कधी बघितलं नाही.

म्हणून मी शोधायला लागले. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडं परदेशातून आलेले वापरलेले टायर होते, मोठ्या कंपनीचे, निम्म्या किमतीत. रबरावरची नक्षी एकदम भरगच्च. तुमची नात खूश झाली. मी बाजूवरचा बनावटीचा आठवडा आणि साल वाचलं आणि नख रोवून बघितलं. रबर वाळून कडक झालं होतं. "नक्षी हाय, पण पकड गेली," मी म्हटलं. तिनं वाद घातला नाही. मग साधे नवे टायर बघितले, पण टायर किती वेग सोसेल ते सांगणारं त्यांच्यावरचं अक्षर तिच्या गाडीला पुरत नव्हतं. हे तिनंच मला दाखवलं. एक फारच मऊ रबराचा जोड निघाला, तर ती म्हणाली, "आई, हे ट्रॅकवर भारी, पण पुणे-मुरुम चार फेऱ्यांत संपतील. आणि पावसात मला यायचंय की घरी." त्या एका वाक्यानं मला बरं वाटलं. मला वाटत होतं, पोरीला फक्त पळायचंय.

शेवटी एका लहान कंपनीचे, फारसं नाव नसलेले, पण ताज्या बनावटीचे, ओल्या रस्त्यावर धरणारे चार टायर ठरले. मागं दोनच बदलू, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, चारही एकसारखे, न्हायतर एकही न्हाय. वरचा खर्च मी घातला, एवढंच. टेम्पोनं माल आला, मी स्वतः उभी राहून बसवून घेतला, हवा माझ्या हातानं भरली, चाकांची अलाइनमेंट आम्ही दोघींनी उमरग्याला जाऊन करून आणली. येताना येणेगूरच्या पुढं रस्ता मोकळा होता. "बेल्ट घट्ट कर," ती म्हणाली आणि तिनं कचकन ब्रेक मारला. गाडी जराही आडवी न होता जागच्या जागी उभी. ती माझ्याकडं बघत होती, तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघायचात तशी. "जमलं?" "जमलं," मी म्हटलं.

सकाळपासून तीन वेळा फोन हातात घेऊन ठेवला. चालवताना उचलू नको, असं मीच तिला सांगितलंय. मघाशी तिचा फोन आला, पोचली, गाडी सरळ चालली. तरी माझं मन थाऱ्यावर नाही, कारण ट्रॅकचा दिवस अजून पुढं आहे आणि त्या दिवशी मी काय करणार, मला माहीत नाही.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, घडी करून गल्ल्याच्या खाली ठेवून देईन. पण एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. ब्रेक मारून झाल्यावर तिनं गाडी परत हळूहळू चालवायला घेतली, माझ्यासाठीच, मला भीती वाटू नये म्हणून. तेव्हा मीच म्हटलं, "जरा जोरात घे की."