बॅटरी आमची, ड्रिल एंडेलचं

तार्तू, २० ऑक्टोबर

चि. टार्मो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आईचा खुबा जुळत आलाय. सात नोव्हेंबरला तिला घरी सोडतील, पण जिन्यात आणि न्हाणीघरात धरायला दांडे असतील तरच, नाहीतर वृद्धाश्रम. आई म्हणते, त्यापेक्षा मला सरळ पुरून टाका. माझ्याच्यानं आता वाद होत नाही. शाळा, दवाखाना, पुन्हा शाळा. तिनं घरी जावं असं मला तिच्यासाठी वाटतं, की माझ्या मनाला बोचू नये म्हणून, हेही कळेनासं झालंय.

तू ये. ड्रिल मोठ्या बॅगेत टाक, पण बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून. नाताळात विमानतळावर बॅग उसकटून बसला होतास, आठव.

वाट पाहणारी,
हेल्युताई

आईचं घर, ४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

बॅटऱ्या सांगितल्यास तशाच आणल्या. इथून निघताना बर्गन विमानतळावरच्या तपासणीतल्या बाईनं कौतुकसुद्धा केलं. बॅटऱ्या पोचल्या, ड्रिलची बॅग चुकून रीगाला गेली. ती सोमवारी येणार, म्हणजे आईनंतर.

शेवटी शेजारच्या एंडेलकडे गेलो. सफरचंदाच्या फांद्यांवरून आई त्याच्याशी सहा वर्षं फक्त भांडण्यापुरतं बोलते, ठाऊक आहे. पण माझ्या बॅटऱ्या चालतील असं ड्रिल गावात त्याच्याकडेच. त्याची बॅटरी कधीच मेलीय. त्यानं ड्रिल दिलं आणि मागोमाग आला. मी दांड्याची खूण केली, तर म्हणाला, "ही तुझ्या उंचीची झाली. तुझी आई लेइडा भांडताना कुंपणाच्या तिसऱ्या फळीवर हात टेकते. ती मोजून ये."

मोजली, दांडे त्याच उंचीवर बसवले. गुरुवारी कामावर परतायचंय. एक बॅटरी आणि चार्जर स्वयंपाकघरात ठेवतोय, एंडेलला दे. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
टार्मो

आईचं घर, ९ नोव्हेंबर

चि. टार्मो, आशीर्वाद.

आई परवा घरी आली. दांड्यावर हात ठेवला आणि थबकली. उंची कुणी ठरवली, विचारलं. मी खरं सांगितलं. त्यात प्रामाणिकपणा किती, देव जाणे. खोटं रचायची ताकदच नव्हती. ती न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

काल बॅटरी द्यायला निघाले, तर आईनं ती हातातून काढून आपल्या खणात ठेवली. म्हणाली, "हवी तर येऊन मागेल."

संध्याकाळी एंडेल ड्रिल घेऊन बॅटरी मागायला आला. दोन कप कॉफी प्याला. भोक कुठे पाडायचंय, ते मात्र त्याला काही सांगता येईना.

आता मी झोपते. लोभ आहेच, झोपच तेवढी थकलीय.

ताई