एकशे बत्तीस पुंगळ्या

मी, पंडित गोविंदा मेश्राम, वय त्र्याहत्तर, भारतीय सेनेतून निवृत्त सुभेदार, मूळचा भंडाऱ्याचा, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, ॲन आर्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. लिहावं म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून आणला आहे, तो कोणाचा ते पुढे येईलच.

१. अंत्यविधीला पांढरे कपडे आणि त्रिशरण-पंचशील, एवढंच. बंदुकीची सलामी कोणी हौसेने सुचवली तरी देऊ नये.

२. नागपूरचा फ्लॅट मुलगा प्रफुल्ल आणि सून हिमानी यांना निम्मा-निम्मा. हिमानीचं नाव मुद्दाम वेगळं लिहिलं आहे. माझ्या कमलाचं नाव मी हयातभर एकाही कागदावर घातलं नाही आणि ती तशीच गेली. बँकेतली शिल्लक भंडाऱ्याच्या विहारातल्या वाचनालयाला द्यावी.

३. पुतण्या नंदू इकडे अमेरिकेतच, पार्सिपनीत राहतो आणि प्रत्येक कार्यक्रमात सांगत फिरतो की काकांनी आफ्रिकेत लढाई गाजवली. त्याला माझा गणवेश द्यावा. अंगात घालून पाहिला तर बोलणं जरा कमी होईल. मी तिकडे लढलो नाही, शिकवायला गेलो होतो.

४. तो देश लहान. त्याचं नाव मी तिथे ठेवलेल्या पुंगळ्यांच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे, इथे लिहीत नाही. सारं सैन्य मिळून नऊशे माणसं, दोन गस्ती बोटी आणि एक बँड. बँड फार सुरेख होता. १९९७ साली मी तिथे हत्यारांचा उस्ताद होतो. आपल्याकडे सरावात गोळी झाडली की रिकामी पुंगळी उचलून परत करावी लागते. एक जरी कमी पडली तरी सगळी पलटण गुडघ्यावर बसून गवत चाळते. मी त्या पोरांना तेच शिकवलं, आणि ती इतकी तयार झाली की सांगावं लागेना.

जुलैमध्ये गोदी कामगार संपावर गेले आणि मासळी बाजारात जमले. माझी कंपनी तिकडे पाठवली. परदेशी उस्तादांना जायची परवानगी नव्हती, म्हणून मी शस्त्रागारात बसून राहिलो. संध्याकाळी पोरं परतली, रांगेत उभी राहिली आणि एकेकाने माझ्यासमोरच्या पेटीत पुंगळ्या ओतल्या. मी सवयीने मोजल्या, रजिस्टरमध्ये नावापुढे आकडा घातला, सही घेतली. एकशे बत्तीस गोळ्या गेल्या होत्या, एकशे बत्तीस पुंगळ्या आल्या. मी म्हणालो, "शाबास." एकाच्या बुटाला मासळीचे खवले आणि रक्त लागलं होतं. रक्त मासळीचंच असेल असं मला वाटलं. निदान तसं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो.

चौकशी समितीला बाजारात एकही पुंगळी सापडली नाही. मृतदेह सैन्यानेच घाईघाईने पुरले होते. सैन्याने गोळीबार केलाच नाही, एकोणीस माणसं चेंगराचेंगरीत मेली, असा निकाल लागला. समितीने मलाही विचारलं. मी म्हणालो, त्या दिवशी आमचं सरावाचं मैदान बंद होतं. ते खरंच होतं. तिथल्या सैन्यातल्या साहेबांनी रजिस्टर मागितलं तेव्हा मी कोरं दिलं आणि खरं ट्रंकेत घातलं. रजिस्टर फाडायची माझी हिंमत झाली नाही, आणि तोंड उघडायचीही झाली नाही.

५. ते रजिस्टर एस्तेरला द्यावं. आठवड्यातून तीनदा मला डायालिसिसला नेणारी, औषधं देणारी बाई. ती त्याच देशाची. तिचा बाप त्या बाजारात मासळी तोलायचा, त्या एकोणीस जणांत तो गेला, तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची आई अकरा वर्षं कोर्टात झगडली आणि पुराव्यावाचून हरली. हे तिने मला गाडी चालवताना सांगितलं. मी "वाईट झालं" म्हणालो. त्यानंतर दोन हिवाळे मी तिच्या शेजारच्या सीटवर गप्प बसून जात-येत आहे. याची मला लाज वाटते.

प्रफुल्लला हे ठाऊक आहे. तो म्हणाला, "बाबा, सिटिझनशिपच्या फॉर्मवर, कोणाच्या हत्येत सहभाग होता का असल्या प्रश्नांपुढे, तुम्ही सगळीकडे नो लिहिलंय. हे बाहेर आलं तर केस रीओपन होईल. जाळून टाका ना, प्लीज." त्याची भीती खोटी नाही. पण कलम बदलणार नाही.

६. हे नंतर जोडलं आहे. बुधवारी एस्तेरने विचारलं, काका, इतके दिवस काय लिहिताय? मी तिला कलम चार आणि पाच इंग्रजीत सांगितलं आणि रजिस्टर पुढे केलं. तिने बोट ठेवून सगळी नावं वाचली. मग म्हणाली, "आणि तुम्ही काय करत होता?"

"मोजत होतो," मी म्हणालो.

तिने माझ्या गोळ्या काढून ठेवल्या, पांघरूण नीट केलं आणि रजिस्टर घेऊन गेली. आता दुसरं कोणी येईल असं मी धरून चाललो होतो. शुक्रवारी ती वेळेवर आली. मला गाडीत बसवलं, गाडी सुरू केली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही मेल्यावर हे मला मिळणार होतं. मेलेल्या माणसाला कोण प्रश्न विचारणार? मी वकील शोधतेय. तोपर्यंत तुम्ही मरायचं नाही, काका."

येत्या सोमवारपासून डायालिसिस बंद करायचं ठरवूनच मी हे लिहायला घेतलं होतं. कोणाला उत्तर न देता सुटायचं होतं, हे कबूल करतो. तो विचार मी रद्द करत आहे. कलम पाच आता निकालात निघालं. बाकीची कलमं मरण येईल तेव्हा लागू व्हावीत, आणि ते कधी यावं हे आता माझ्या हातात नाही.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिलं. खाडाखोड नाही.

सही: पंडित गोविंदा मेश्राम

आमच्यादेखत सही झाली:
१. देव रामटेके, शेजारी
२. सुमंत ढोके, विद्यार्थी

प्रफुल्ल घरात होता. खोलीबाहेर आला नाही.

ॲन आर्बर, शनिवार, १८ जानेवारी २०२५