उजव्या खांद्यावरचा पट्टा

गिरगाव, २० जानेवारी १९५६

प्रिय गंगाधर,

आधी माझी गंभीर तक्रार नोंदवून घे. माझ्या होल्डॉलचे दोन्ही चामडी पट्टे चोरीला गेले आहेत. चोर परवापर्यंत आमच्याच घरात दोन वेळा जेवत होता आणि आता तुझ्याकडे हर्णैला जेवत असेल. चिरंजीव माधव. वीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवून मी जे जमवलं, त्यात धड म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती.

तुझ्या मचव्याचं इंजिन बुडी मारून गाळातून शोधून देतो, असं त्यानं तुला लिहिलं तेव्हा मी हसलो होतो. (मचवा बुडाला तेव्हा सुकाणू तुझ्या हातात होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.) मग त्यानं चोरबाजारातून लढाईतलं सुरुंग शोधायचं यंत्र आणलं. लांब दांडा, टोकाला ताटाएवढं कडं आणि तारेनं जोडलेली बॅटरीची पेटी. खाली धातू आला की कानात गुणगुणतं. पेटीत पाणी शिरू नये म्हणून मेण आणि सायकलच्या ट्यूबचं रबर. आठवडाभर दोन्ही खोल्यांत त्याचा वास. तुझ्या वहिनीनं पिण्याच्या पिंपाला हात लावू दिला नाही, म्हणून परीक्षा चाळीच्या हौदात झाली आणि कुणाची तरी पितळी पळी सापडली. तिच्यावर तीन बिऱ्हाडांनी हक्क सांगितला.

खरी अडचण ते अंगावर बांधायचं कसं, ही होती. दांडा निसटू नये म्हणून तो उजव्या हाताला कोपरापर्यंत आवळायचा. मग पेटी आणि तिला खाली ओढणारं शिसं डाव्या कुशीला, पट्टा उजव्या खांद्यावरून, आणि सगळं सोडायची कडी मोकळ्या डाव्या हाताशी. शिवण वहिनीची. सगळं चढवून तो आरशापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अडकलोच तर एका झटक्यात सुटता आलं पाहिजे, अप्पा."

मी हो म्हणालो. पण माझं लक्ष त्याच्या खांद्याकडे होतं. उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीत. जानवं आपण तसं पितरांसाठी घेतो, गंगाधर. बाप समोर जिवंत बसलेला असताना पोर तसं उभं. मी काही सोवळ्यातला माणूस नव्हे, वर्गात कार्यकारणभाव शिकवतो. पण मुंबईच्या प्रश्नावरून इथं रस्त्यावर गोळीबार चालू होता, माणसं मरत होती, आणि मला ते बघवेना. अपशकुन कुणाला, त्याला की मला, एवढाही विचार मी केला नाही. तो बोटीच्या तिकिटाला गेला तेवढ्यात मी टाके उसवले आणि पट्टा डाव्या खांद्यावरून येईल असा फिरवून शिवला. पेटी, शिसं, कडी, सगळं उजवीकडे आलं. मला बरं वाटलं. कुणाला बोललो नाही.

काल एक जुना पट्टा घेऊन मी स्वतःला तसंच बांधून पाहिलं. उजव्या हाताला छत्री आवळली आणि डाव्या हातानं उजव्या कुशीतली कडी चाचपली. बोटं कशीबशी पोचली, कडी उघडेना. कोरड्या खोलीत, खुर्चीवर बसून.

त्याच्या लक्षात येईल, असं मी सकाळपासून स्वतःला समजावतो आहे. पण आईची शिवण म्हणून तो डोळे मिटून चढवील, आणि दांडा तर सगळ्यात शेवटी आवळतात, तोवर उजवा हात मोकळाच. सोमवारी तो पाण्यात उतरणार. संचारबंदीत तारघर गाठता येत नाही. शेजारचा दत्ताराम हर्णैच्या बोटीवर खलाशी आहे, त्याच्याकडे पास आहे. उद्या पहाटे त्याच्या खिशात हे पत्र देतो. बोट वेळेवर सुटेल ना, हे त्याला तीनदा विचारून झालं.

पट्टा मी फिरवला, हे माधवला सांग. हसला तर हसू दे, चिडला तर चिडू दे. पण कडी पुन्हा डाव्या हाताला येईपर्यंत त्याला पाण्यात सोडू नकोस. इथल्या गोळ्यांचं मला आता फारसं काही वाटत नाही. पोर पाण्याखाली डाव्या हातानं कडी शोधत असेल आणि ती तिथं नसेल, कारण मी ती हलवली, याची मला भीती वाटते.

तुझाच,
रघुवीर